तपकिरी दिसलं म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे : विषाणूने मृत्यू झालेल्यांच्या फुप्फुसात दाहक प्रथिनं शोधताना

"मॅडम, आयएल-६ सगळीकडे पॉझिटिव्ह आलंय!" थिसिस हातावेगळी झाल्याच्या आनंदात एक रेसिडेंट स्लाइडचा ट्रे घेऊन आली. मी दहाच्या लेन्सखाली पहिली स्लाइड ठेवली. सगळीकडे तपकिरी होतं हे खरंच. पेशी तपकिरी, रक्तवाहिनीतला प्लाझ्मा तपकिरी, हायलिन मेम्ब्रेन (वायुकोशांना आतून चिकटलेला प्रथिनांचा थर) त्याहून गडद, आणि सेक्शनची कड तर जणू कडेने करपलेली पोळी.

"अगं, निगेटिव्ह कंट्रोल कुठंय?"

"तो पुढच्या बॅचला लावणार होते, मॅडम."

काम होतं इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचं, म्हणजे आयएचसीचं: अँटीबॉडी हव्या त्या प्रथिनाला (इथे आयएल-६ या दाहक प्रथिनाला) चिकटते आणि त्या जागी डीएबी हे रसायन तपकिरी रंग देतं. निगेटिव्ह कंट्रोल म्हणजे ती अँटीबॉडी न घातलेली स्लाइड. तीच नसल्याने त्या ट्रेमधलं काहीच वापरता आलं नाही. पण तिच्यासोबत बसून सगळं पहिल्यापासून पुन्हा करताना जे बोललो ते इथे क्रमाने लिहिते आहे. पॅथॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजीत एमडी करणाऱ्यांना आणि हिस्टोपॅथॉलॉजीच्या टेक्निशियनना ते उपयोगी पडेल. उदाहरण घेतलंय २००९ च्या स्वाइन फ्लूचं, म्हणजे एच१एन१ इन्फ्लुएंझाचं. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ ला महासाथ जाहीर केली आणि भारतातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला. त्यामुळे हा आजार आपल्याकडच्या पॅथॉलॉजिस्टना पुस्तकातून कळलेला नाही.

आधी तुलना ठरवा, अँटीबॉडी नंतर

बहुतेक जण सुरुवात कॅटलॉगपासून करतात: आयएल-६ केवढ्याला, टीएनएफ-अल्फा केवढ्याला. सुरुवात तुलनेपासून करायची असते.

फ्लूने मृत्यू झालेल्याच्या फुप्फुसात बहुधा डिफ्यूज अल्व्हिओलर डॅमेज दिसतं. वायुकोशांच्या भिंती सुजलेल्या, आतून गुलाबी हायलिन मेम्ब्रेनचं अस्तर, पोकळीत पाणी, रक्त, गळून पडलेल्या पेशी. साओ पावलोच्या पॅथॉलॉजिस्टनी २०१० मध्ये एच१एन१ च्या २१ मृत्यूंचा अभ्यास छापला. त्यात २० जणांत हे नुकसान होतं, शिवाय टीएलआर-३ (विषाणूची चाहूल घेणारं प्रथिन) आणि इंटरफेरॉन-गॅमाचं (दाह वाढवणारं प्रथिन) ठळक स्टेनिंग आणि सीडी८ व ग्रँझाइम-बी पॉझिटिव्ह पेशींची, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या पेशींची, गर्दी होती. पण असंच नुकसान सेप्सिसमध्ये होतं, पँक्रियाटायटिसमध्ये होतं, बराच वेळ जास्त दाबाच्या व्हेंटिलेटरवर राहिल्यानेही होतं. तुम्ही फ्लूची फुप्फुसं फक्त अपघातात दगावलेल्यांच्या निरोगी फुप्फुसांशी ताडून पाहिलीत, तर 'जखमी फुप्फुस निरोगी फुप्फुसापेक्षा वेगळं दिसतं' एवढंच सिद्ध होईल. त्यासाठी थिसिस कशाला?

म्हणून गट तीन हवेत. एक, फ्लूचे मृत्यू, आरटी-पीसीआरने खात्री झालेले. दोन, फुप्फुसाचा आजार नसलेले आकस्मिक मृत्यू. तीन, आणि हाच गट सगळे गाळतात, विषाणू नसताना अल्व्हिओलर डॅमेज झालेले मृत्यू. हा तिसरा गट जमवायला सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून त्याची शोधाशोध पहिल्या आठवड्यातच सुरू करा.

त्याच आठवड्यात प्रत्येक केससाठी एक्सेलमध्ये एक ओळ भरा: लक्षणं सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचे दिवस, व्हेंटिलेटरचे दिवस, स्टेरॉइड किती आणि कधी, ओसेल्टामिव्हिर (फ्लूवरचं औषध) कितव्या दिवशी, गरोदरपण, वजन, रक्तातला किंवा थुंकीतला बॅक्टेरिया, मृत्यू ते फॉर्मॅलिन यांमधले तास. यातला पहिला रकाना सगळ्यात मोलाचा. पहिल्या आठवड्याभरात स्रावाचा टप्पा असतो, पुढे दुरुस्तीचा: वायुकोशाचं अस्तर पुन्हा बांधणाऱ्या टाइप-२ पेशी वाढतात, फायब्रोब्लास्ट येतात. चौथ्या दिवशी गेलेला रुग्ण आणि विसाव्या दिवशी गेलेला रुग्ण एका गटात घालून सरासरी काढली, तर ती सरासरी कुठल्याच रुग्णाची नसते.

परवानगी

नैतिकता समितीची मंजुरी मिळेपर्यंत ब्लॉकला (मेणात बसवलेल्या टिश्यूच्या ठोकळ्याला) हात लावू नका. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं वाचून अर्ज लिहा. साठवणीतल्या, ओळख काढून टाकलेल्या नमुन्यांसाठी नव्याने संमती घेण्यातून सूट मागता येते, पण ती द्यायची की नाही हे समिती ठरवते, गाइड नाही. पोलिस केसमधल्या पोस्टमॉर्टेमचे नमुने तपासासाठी घेतलेले असतात. ते संशोधनासाठी आपसूक मोकळे होत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

फॉर्मॅलिनमधलं नशीब

पुढची सगळी मेहनत इथे ठरते, आणि इथेच सगळ्यात जास्त निष्काळजीपणा चालतो. मी शिकत असताना एका ठिकाणी पोस्टमॉर्टेमचे तुकडे नळाच्या पाण्यात अंदाजाने फॉर्मॅलिन ओतलेल्या बादलीत पडून असत, कधी दोन दिवस, कधी पंधरा. त्या ब्लॉकवर एच अँड ई (नेहमीचा गुलाबी-निळा स्टेन) बरं दिसायचं, आयएचसी मात्र कधीच धड झालं नाही.

नवे नमुने घेत असाल तर १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन वापरा आणि टिश्यूच्या किमान दहापट घ्या. फुप्फुस हवेमुळे तरंगतं आणि आतून कच्चं राहतं, म्हणून ब्राँकसमधून फॉर्मॅलिन हळूहळू आत सोडून ते फुगवा. वायुकोश उघडे राहतात, पुढे मोजणीही सोपी जाते. मग ३ ते ५ मिलिमीटर जाडीचे तुकडे, प्रत्येक लोबमधून निदान एक, आणि २४ ते ४८ तासांत प्रोसेसिंग. संसर्गजन्य मृतदेहावर काम करताना एन-९५ मास्क, डोळ्यांना संरक्षण आणि कमीत कमी माणसं. ताजा, फॉर्मॅलिनमध्ये न मुरवलेला टिश्यू हाताळायची सोय तुमच्याकडे नसेल तर तो मोह सोडा. या लेखातलं सगळं काम मुरवलेल्या टिश्यूवर होतं.

जुने ब्लॉक वापरणार असाल तर आधी प्रत्येकाचं ताजं एच अँड ई करा. केंद्रकं फिकट पडलेली, ब्राँकसचं अस्तर सोलून निघालेलं, म्हणजे टिश्यू मृत्यूनंतर कुजायला लागलेला. असे ब्लॉक बाजूला. पू झालेले, बॅक्टेरियाच्या वसाहती दिसणारे ब्लॉक वेगळे ठेवा, कारण त्यातला दाह फ्लूचा की जंतूंचा हे सांगता येणार नाही. उरलेल्यांवर व्हिमेंटिन लावा. रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि फायब्रोब्लास्ट व्हिमेंटिनने ठळक रंगलेच पाहिजेत. ते फिकट आले, तर त्या ब्लॉकवर आयएल-६ निगेटिव्ह येण्याला काही अर्थ नाही. ही एक स्वस्त स्लाइड पुढच्या वीस महाग स्लाइड वाचवते.

कोणती प्रथिनं घ्यायची

माझं मत ऐकायचं तर सायटोकाइन, म्हणजे आयएल-६ सारखी पेशींमधले निरोप नेणारी प्रथिनं, सगळ्यात शेवटी. ती छोटी प्रथिनं असतात, पेशीतून बाहेर पडण्यासाठीच बनतात, प्लाझ्मातही फिरतात. फॉर्मॅलिन पोचेपर्यंत ती कुठल्या कुठे पसरलेली असतात. उलट पेशीच्या पृष्ठभागावरची किंवा कणिकांत साठवलेली प्रथिनं जागच्या जागी सापडतात.

म्हणून मी पायऱ्या अशा लावते. पहिली पायरी कोण आलंय ते पाहण्याची: सीडी३ (टी-पेशी), सीडी८ (मारक टी-पेशी), सीडी६८ (मॅक्रोफेज), मायलोपेरॉक्सिडेझ (न्यूट्रोफिल). दुसरी ते काय करताहेत याची: ग्रँझाइम-बी, मारक पेशींचं हत्यार. तिसरी इंटरफेरॉनच्या पाऊलखुणांची. इथे एमएक्सए हे प्रथिन फार कामाचं. इंटरफेरॉन स्वतः दिसो न दिसो, त्याच्या हुकमावरून पेशी एमएक्सए बनवते, आणि ते पेशीद्रवात ठाण मांडून बसतं. हे जमलं की मगच चौथी पायरी: टीएलआर-३, इंटरफेरॉन-गॅमा, टीएनएफ-अल्फा, आयएल-६. शिवाय विषाणूचं न्यूक्लिओप्रोटीन, म्हणजे विषाणू आणि दाह एकाच जागी आहेत का ते पाहता येतं. बऱ्याचदा नसतात, कारण उशिरा झालेल्या मृत्यूंत विषाणू ओसरलेला असतो.

पैसे कमी असतील तर अँटीबॉडी कमी घ्या, कंट्रोल कमी करू नका.

टायट्रेशन

कंपनीच्या पत्रकावर अँटीबॉडी १:१०० पातळ करा असं लिहिलेलं असतं ते त्यांच्या टिश्यूसाठी. प्रत्येक अँटीबॉडी १:५०, १:१००, १:२०० आणि १:४०० अशा चार पातळ्यांवर, सायट्रेट पीएच ६ आणि ट्रिस-ईडीटीए पीएच ९ अशा दोन बफरमध्ये करून पाहा. आठ स्लाइड होतात. टिश्यू कोणता? पेशींच्या अँटीबॉडीसाठी टॉन्सिल, दाहक प्रथिनांसाठी ताज्या अॅपेंडिसायटिसचं अॅपेंडिक्स. ते तर रोजच्या ट्रेमध्येच असतं. हव्या त्या पेशी स्पष्ट आणि बाकी पार्श्वभूमी स्वच्छ असेल तीच पातळी निवडायची, सर्वांत गडद दिसणारी नव्हे. त्या ट्रेमधली आयएल-६ १:५० वर लावलेली होती. आम्हाला शेवटी १:२०० ला समाधान मिळालं. तुमचा आकडा वेगळा येईल.

प्रत्यक्ष बॅच

सगळे गट एकाच बॅचमध्ये लावा. फ्लूच्या स्लाइड सोमवारी आणि कंट्रोल शुक्रवारी लावले, तर फरक रोगाचा की वाराचा हे कोण सांगणार?

१. जुन्या ब्लॉकचे वरचे काही सेक्शन टाकून द्या. मग ३ ते ४ मायक्रॉनचे सेक्शन चार्ज्ड स्लाइडवर घ्या. साध्या स्लाइडवरून पीएच ९ मध्ये सेक्शन सुटून जातात. कापलेले सेक्शन महिनोन्‌महिने ठेवू नका, त्यांतले अँटिजेन क्षीण होत जातात. ६० अंश सेल्सिअसला एक तास वाळवा.

२. झायलीन दोनदा, नंतर उतरत्या क्रमाने अल्कोहोल, नंतर पाणी. झायलीन जुनं असेल तर मेण राहतं आणि स्लाइडवर न रंगलेले चट्टे दिसतात.

३. अँटिजेन रिट्रीव्हल. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकतं, उष्णता ती बांधणी सैल करते. ही युक्ती १९९१ मध्ये मायक्रोवेव्हवर दाखवली गेली. आपल्याकडे घरगुती प्रेशर कुकर बेधडक चालतो. बफर आधी उकळवा, मग रॅक आत, पूर्ण दाब आल्यापासून तीन मिनिटं. ती घड्याळावर मोजा, शिट्ट्यांवर नाही, कारण प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळ्या घाईत असते. उघडल्यावर बफरमध्येच वीस मिनिटं थंड होऊ द्या. गरम स्लाइड हवेत काढली की टिश्यू सुकतो, आणि एकदा सुकलेल्या टिश्यूची पार्श्वभूमी तपकिरी होणारच. सायट्रेट बफर घरी करायचा तर एक लिटरला २.९४ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट, पीएच ६.

४. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, दहा मिनिटं. रक्ताने भरलेल्या फुप्फुसात ही पायरी टाळली तर लाल पेशी स्वतःच डीएबीला तपकिरी करतात.

५. प्रोटीन ब्लॉक, मग प्राथमिक अँटीबॉडी: एक तास खोलीच्या तापमानाला किंवा रात्रभर ४ अंशाला, झाकणाच्या ओलसर पेटीत. सेक्शनभोवती हायड्रोफोबिक पेनने रेघ ओढा. कडेला द्रव सुकणं हेच त्या करपलेल्या पोळीचं कारण होतं.

६. ट्रिस बफर आणि ट्वीनने तीन धुण्या, एचआरपी पॉलिमर (डीएबीला रंग आणणारं एन्झाइम), पुन्हा तीन धुण्या. यकृत किंवा मूत्रपिंड करत असाल तर बायोटिनवाली जुनी पद्धत नको, त्या अवयवांत स्वतःचंच बायोटिन भरपूर असतं.

७. डीएबी. पॉझिटिव्ह कंट्रोल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वेळ ठरवा, मग प्रत्येक स्लाइडला तेवढीच वेळ. डीएबी कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. हातमोजे घाला आणि उरलेलं सिंकमध्ये ओतू नका.

८. हिमॅटॉक्झिलिन हलकं. गडद निळ्यात फिकट तपकिरी हरवतं. मग अल्कोहोल, झायलीन आणि डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवायचं माउंटिंग मीडियम).

प्रत्येक केससोबत प्राथमिक अँटीबॉडीच्या जागी नुसता बफर घातलेली एक स्लाइड, आणि जमल्यास त्याच प्रकारच्या असंबद्ध अँटीबॉडीची एक. प्रत्येक केससोबत, बॅचमागे एक नव्हे. फुप्फुसागणिक खोटा तपकिरी रंग वेगळा असतो.

तपकिरी, पण डीएबी नव्हे

फुप्फुस हा तपकिरी रंगाचा बाजार आहे. शहरात राहणाऱ्यांच्या फुप्फुसात काजळीचा काळा कार्बन, रक्तस्रावानंतर मॅक्रोफेजमध्ये सोनेरी-तपकिरी हिमोसिडरिन, आम्ल झालेल्या फॉर्मॅलिनचं काळपट रंगद्रव्य, आणि त्यात आपला डीएबी. उपाय सोपा: एक सेक्शन काहीही न लावता नुसतं माउंट करा. त्यात जे तपकिरी दिसेल ते तुमच्या प्रथिनाचं नाही. हिमोसिडरिनचा संशय असेल तर पर्ल्सच्या स्टेनमध्ये ते निळं होतं. रंगद्रव्य फारच असेल तर लाल क्रोमोजेन वापरा. मात्र एईसी हे लाल क्रोमोजेन अल्कोहोलमध्ये विरघळतं, त्यावर नेहमीच्या सवयीने डीपीएक्स लावलात तर दिवसभराचं काम डोळ्यांदेखत धुऊन जाईल. पाण्यातलं माउंटिंग मीडियम हवं.

हायलिन मेम्ब्रेनबद्दल वेगळं सांगते. ती फायब्रिन, प्लाझ्मातली प्रथिनं आणि मेलेल्या पेशींचा चिखल असते. अँटीबॉडी कुठलीही घाला, ती थोडीफार चिकटतेच. सायटोकाइनच्या मोजणीतून मेम्ब्रेन, नेक्रोसिस आणि सेक्शनची कड आधीच वगळा आणि तसं पद्धतीच्या प्रकरणात लिहा. केंद्रक दिसतंय आणि त्याभोवतीच्या पेशीद्रवात रंग आहे, अशीच पेशी धरायची.

मोजणी

'प्रति हाय पॉवर फील्ड' असं लिहून सोडू नका, प्रत्येक सूक्ष्मदर्शकाचं फील्ड वेगळं. आयपीसवर फील्ड नंबर लिहिलेला असतो. २२ असेल तर ४० च्या लेन्सला व्यास २२ ÷ ४० = ०.५५ मिलिमीटर, क्षेत्रफळ साधारण ०.२४ चौरस मिलिमीटर. दहा फील्डचे २.४. त्यांत ९६ सीडी८ पेशी मोजल्या तर चौरस मिलिमीटरला ४०.

पण फुप्फुसात इथे एक सापळा आहे. निरोगी फुप्फुसाच्या फील्डमध्ये बहुतेक जागा हवेची, फ्लूच्या फुप्फुसात ती सुजलेल्या भिंतींनी भरलेली. भिंतीच्या एकेका तुकड्यात तेवढ्याच पेशी असल्या तरी प्रति चौरस मिलिमीटर आकडा फ्लूमध्ये मोठा येईल. वरच्या उदाहरणात फील्डचा निम्माच भाग टिश्यू असेल, तर टिश्यूच्या चौरस मिलिमीटरला ४० नव्हे, ८० पेशी. म्हणून भाजक टिश्यूचं क्षेत्रफळ असावं किंवा एकूण केंद्रकांची संख्या. क्यूपाथ किंवा इमेज-जे ही मोफत सॉफ्टवेअर दोन्ही काढून देतात. थ्रेशोल्ड कंट्रोलवर एकदा ठरवून सगळ्या स्लाइडना तोच ठेवा, स्लाइड पाहून बदलू नका.

फील्ड निवडताना डोळा गडद जागेकडे ओढला जातो. त्याला आवर घालायला नियम ठरवा, उदाहरणार्थ डावीकडून सुरू करून प्रत्येक पाचवं फील्ड. लेबलवर कागद चिकटवून संकेतांक द्या, यादी दुसऱ्या कुणाकडे ठेवा, दोघांनी स्वतंत्र मोजा. दोघांची मोजणी किती जुळते ते तपासा: पायऱ्यांचे गुण दिले असतील तर 'कॅपा' हा निर्देशांक काढा, आकडे असतील तर इंट्राक्लास कोरिलेशन.

आकडेवारीत सगळ्यात सर्रास होणारी चूक म्हणजे १२ रुग्णांची प्रत्येकी १० फील्ड घेऊन 'एन = १२०' लिहिणं. रुग्ण १२ च आहेत. रुग्णामागे एक आकडा काढा आणि तुलना त्या आकड्यांची करा. एवढ्या लहान गटांत दोन-दोन गटांच्या तुलनेला मॅन-व्हिटनी ही चाचणी पुरते.

निष्कर्षात काय लिहाल

पोस्टमॉर्टेमचा टिश्यू म्हणजे आजाराच्या शेवटच्या दिवसाचा फोटो. जे वाचले त्यांच्या फुप्फुसात त्याच दिवशी काय चाललं होतं हे तुमच्याकडे नाही. त्यामुळे 'आयएल-६ मुळे मृत्यू' हे वाक्य तुम्हाला लिहिता येत नाही. 'विषाणूविरहित अल्व्हिओलर डॅमेजच्या तुलनेत सीडी८ आणि ग्रँझाइम-बी पेशी जास्त आढळल्या' हे लिहिता येतं, आणि ते पुरेसं महत्त्वाचं आहे.

सायटोकाइनचं वादळ हा शब्द मोहक आहे, तो जपून वापरा. कोविडमध्ये व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत डेक्सामेथासोनने मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात हे २०२० मध्ये रिकव्हरी चाचणीने दाखवलं. फ्लूच्या न्यूमोनियात स्टेरॉइडचा तसा फायदा सिद्ध झालेला नाही. स्लाइडवर मात्र दोन्हींकडे अल्व्हिओलर डॅमेज, मॅक्रोफेज आणि टी-पेशी दिसतात. कोणता दाह दाबायचा हे चाचणीत ठरतं. चाचणीत काय पाहायचं, हे सुचवायला आपली स्लाइड उपयोगी पडते.

आमच्या त्या रेसिडेंटची दुसरी बॅच लागली तेव्हा हायलिन मेम्ब्रेन हलकी पिवळसर होती, प्लाझ्मा स्वच्छ, आणि चाळीसच्या लेन्सखाली एका फील्डमध्ये पाच-सहा मॅक्रोफेज तेवढे रंगलेले. ती जरा हिरमुसली. "एवढंच, मॅडम?" म्हणाली. मग शेजारची बफरवाली स्लाइड लावून पाहिली, ती पूर्ण निळी होती. दुपारी ती रेकॉर्ड रूमच्या किल्ल्या मागायला आली. तिसऱ्या गटासाठी तिला अजून चार ब्लॉक हवे होते.